पाहुण्याच्या वाट्याचं काम

सप्टेंबर २०१३ मध्ये ब्यूनस आयर्सला आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीची बैठक भरली होती. २०२० चे खेळ कोणत्या शहराला द्यायचे, हे तिथे ठरायचं होतं. टोकियोच्या वतीने बोलायला उभ्या राहिलेल्या निवेदिका क्रिस्तेल ताकिगावा यांनी फ्रेंच भाषणाच्या मध्येच एक जपानी शब्द एकेक अक्षर सुटं करून उच्चारला, ‘ओ-मो-ते-ना-शी’, म्हणजे मनापासूनचं आतिथ्य, आणि मग हात जोडून मान लववली. खेळ टोकियोला मिळाले. तो शब्द वर्षअखेर जपानमधल्या सर्वांत गाजलेल्या शब्दांपैकी एक ठरला आणि हॉटेलांच्या जाहिरातींपासून सरकारी पत्रकांपर्यंत सगळीकडे झळकू लागला.

त्याच सप्टेंबरमध्ये साप्पोरोतल्या कपड्यांच्या एका दुकानात एक बाई तक्रार घेऊन आली. विकत घेतलेल्या चादरीला भोक होतं. तिने दुकानातल्या कर्मचाऱ्यांना गुडघे टेकून, कपाळ जमिनीला लावून माफी मागायला लावलं. अशा माफीला तिथे दोगेझा म्हणतात. तिने त्याचा फोटो ट्विटरवर टाकला. लोक संतापले आणि पुढच्याच महिन्यात पोलिसांनी तिला बळजबरीच्या आरोपाखाली अटक केली.

या दोन घटना मला शेजारी-शेजारी ठेवाव्याशा वाटतात, कारण आपल्याकडे जपानच्या आतिथ्याबद्दल जे लिहिलं-बोललं जातं त्यात पहिलीच तेवढी असते. सात मिनिटांत शिंकान्सेन या बुलेट ट्रेनचा अख्खा डबा चकाचक करून प्रवाशांना वाकून नमस्कार करणारे सफाई कर्मचारी, पाऊस पडू लागला की कागदी पिशवीवर प्लास्टिकचं आवरण चढवून देणारी दुकानातली मुलगी, टिप दिली तर नम्रपणे परत करणारा वेटर. हे सगळं खरं आहे आणि सुंदरही आहे. पण त्या कौतुकात एक गृहीतक दडलेलं असतं: जपानी माणूस मुळातच असा निःस्वार्थी, आपण फक्त जायचं आणि त्या सेवेचा लाभ घ्यायचा. मला हे मान्य नाही. जपानी आतिथ्याची मूळ घडण यजमान आणि पाहुणा अशा दोघांनी मिळून पेलायची होती. गेल्या साठ-सत्तर वर्षांत पाहुण्याने आपलं टोक सोडलं, त्याच्या जागी नुसता ग्राहक येऊन बसला आणि सगळं ओझं काउंटरमागे उभ्या असलेल्या माणसावर आलं. आज जपानमध्ये ग्राहकांना आवरणारे कायदे होत आहेत, काही गल्ल्या पर्यटकांना बंद होत आहेत. ‘जपानची ती जुनी माया आटली’ असं त्यावर म्हटलं जातं. मला वाटतं, उलट तिथे पाहुण्याला त्याच्या वाट्याचं काम परत दिलं जात आहे.

ते काम काय होतं, हे पाहायचं तर चहाच्या खोलीत जायला हवं. क्योटो आणि ओसाका यांच्या मध्ये यामाझाकी नावाचं ठिकाण आहे. तिथल्या एका देवळात ‘ताइआन’ ही दोन तातामी चटयांची, म्हणजे जेमतेम तीन-साडेतीन चौरस मीटरची खोली आहे. चहाविधीचे महान आचार्य सेन नो रिक्यू (१५२२–१५९१) यांच्याशी ती जोडली जाते. अशा खोलीचं दार साधारण ६६ सेंटिमीटर उंच असतं. त्यातून आत जायचं तर कुणालाही गुडघ्यांवर येऊन, मान खाली घालून सरकतच जावं लागतं. सामुराईला तलवार बाहेर ठेवावी लागे. पाहुणचाराची सुरुवात अशी पाहुण्याच्या वाकण्याने होते, ही गोष्ट कौतुकाच्या लेखांत सहसा येत नाही.

आत गेल्यावरही पाहुणा नुसता बसून राहत नाही. येतानाच त्याने बागेतल्या दगडी कुंडावर हात आणि तोंड धुतलेलं असतं. आत आल्यावर तो आधी भिंतीच्या कोनाड्यातलं लेखन आणि फूल पाहतो, कारण यजमानाने आजच्या दिवसासाठी, आजच्या माणसांसाठी ते निवडलेलं असतं आणि ती निवड त्याने ओळखावी अशी अपेक्षा असते. वाडगा हातात आला की त्याची दर्शनी बाजू ओठांना लागू नये म्हणून तो वळवून प्यायचा. पाहुण्यांमध्ये एक मुख्य पाहुणा असतो, शोक्याकू. सगळ्यांच्या वतीने बोलणं, भांड्यांबद्दल योग्य वेळी विचारणं, यजमान अडखळला तर सांभाळून घेणं ही जबाबदारी त्याची. ती इतकी अवघड की नवशिके त्या जागी बसायला कचरतात. संपूर्ण चहासमारंभ जेवणासकट चार तासांपर्यंत चालतो आणि तेवढा वेळ दोन्ही बाजूंना सावध राहावं लागतं. रिक्यूंच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या सात नियमांमध्ये उन्हाळ्यात गारवा आणि हिवाळ्यात ऊब सुचवावी, पाऊस नसला तरी पावसाची तयारी ठेवावी असे यजमानासाठीचे नियम आहेत. शेवटचा नियम सोबतच्या पाहुण्यांकडे लक्ष देण्याचा आहे, आणि तो पाहुण्यालाही तितकाच लागू होतो.

एकोणिसाव्या शतकात ई नाओसुके या सरदाराने चहावर लिहिताना ‘इचिगो इचिए’ ही कल्पना मांडली: आजची भेट आयुष्यात पुन्हा व्हायची नाही असं समजून वागावं. आज ती कल्पना कॉफीच्या कपांवरही छापलेली दिसते. पण नाओसुकेने ती यजमान आणि पाहुणा अशा दोघांनाही सांगितली होती. पाहुणे गेल्यावर यजमानाने लगेच आवराआवर करू नये, परत खोलीत येऊन एकट्याने बसावं आणि पाहुणे आता कुठवर पोहोचले असतील याचा विचार करावा, असंही तो सांगतो. त्या खोलीतला हा स्नेह खरा होता. ती जागा सत्तेपासून पूर्ण मुक्त होती असं मात्र मी म्हणणार नाही. त्या काळचा जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याने सोन्याच्या पत्र्याने मढवलेली चहाची खोली बांधून घेतली होती आणि त्याच हिदेयोशीच्या आज्ञेवरून १५९१ मध्ये रिक्यूंना स्वतःचं पोट फाडून मरावं लागलं.

क्योटोतल्या गेइशांच्या चहागृहांची रीतही हेच सांगते. ओळखीशिवाय पहिल्यांदाच आलेल्या माणसाला तिथे आत घेत नाहीत, मग तो कितीही श्रीमंत असो. बाहेरच्याला हा उद्धटपणा वाटतो. पण तिथला व्यवहार विश्वासावर चालायचा. बिल त्या रात्री मागत नसत, नंतर पाठवत. घरी न्यायची गाडी, जेवण, भेटवस्तू यांचे पैसेही आधी चहागृहच भरायचं. ज्याने तुमची ओळख करून दिली त्याची अब्रू तुमच्या वागण्यात गुंतलेली असे. यजमानीणबाईला तुमची आवड माहीत असे आणि तुम्हाला तिच्या घराची रीत. जपानमधलं सर्वांत नाजूक, सर्वांत महागडं आतिथ्य अनोळखी माणसाला नकार देणाऱ्या दाराआड वाढलं. ते दार चांगलं की वाईट, यावर वाद होऊ शकतो. पण त्या दाराशिवाय ते आतिथ्य तसंच टिकेल, असं मानणं मात्र भाबडेपणाचं आहे.

मग हे बदललं कसं? दुसऱ्या महायुद्धानंतर उत्पन्न वाढलं, डिपार्टमेंट स्टोअर आणि साखळी दुकानं पसरली आणि ओळखीच्या माणसाशी वागायची रीत रोज येणाऱ्या हजारो अनोळखी माणसांना लावली गेली. ओळख गेली, त्या जागी नियमपुस्तिका आली: किती अंश वाकायचं, कोणतं वाक्य म्हणायचं, सुटे पैसे कोणत्या हाताने द्यायचे. मिनामी हारुओ हे गायक १९६०च्या दशकात रंगमंचावरून म्हणत, ‘ग्राहक म्हणजे देव.’ देवापुढे उभं राहावं तसं निर्मळ मन करून प्रेक्षकांपुढे गायचं, असा त्यांचा अर्थ होता. दुकानदारांनी त्याचं धोरण केलं आणि ग्राहकांनी त्याचा हक्क केला. ‘मी देव आहे’ असं ओरडणाऱ्या ग्राहकांमुळे मिनामींच्या कुटुंबीयांना मूळ अर्थ खुलासा करून सांगावा लागला.

या देवांना सगळं फुकट हवं होतं. टिप नाही आणि सेवेची वेगळी किंमतही नाही. मॅकडोनल्ड्सच्या जपानमधल्या दरफलकावर तर ‘हास्य: ० येन’ असं छापलेलं असे. जपानच्या सेवाक्षेत्राची उत्पादकता कमी का, यावर अर्थतज्ज्ञ बोलतात. एकूण श्रम-उत्पादकतेतही जपान जी-७ देशांत वर्षानुवर्षं तळाला आहे. यामागे अनेक कारणं आहेत, पण एक माझ्या दृष्टीने उघड आहे. ज्या श्रमाला शून्य किंमत लावली, तो हिशोबात येणारच कसा? २०१७ मध्ये यामातो या तिथल्या सर्वांत मोठ्या कुरिअर कंपनीला हे मान्य करावं लागलं. घरी कुणी नसेल तर तीच वस्तू पुन्हा पुन्हा घेऊन जाणारे, ठरल्या दोन तासांत पोहोचवणारे चालक जेवायलाही थांबू शकत नव्हते आणि जादा कामाचे पैसेही थकले होते. कंपनीने थकबाकी चुकती केली, दर वाढवले आणि दुपारी बारा ते दोन या वेळेतली पोच बंद केली. चालकांना जेवता यावं म्हणून. एवढी साधी गोष्ट करायला चार दशकं लागली.

दुकानांत काय चाललं होतं याचा अंदाज त्याच वर्षी यूए झेनसेन या कामगार महासंघाने घेतला. सुमारे पन्नास हजार कर्मचाऱ्यांनी उत्तरं दिली. सत्तर टक्क्यांहून अधिक जणांनी ग्राहकांकडून त्रास झाल्याचं सांगितलं. या त्रासाला आता तिथे नाव आहे, कासूहारा. बस आणि टॅक्सीत चालकाचं नाव लावायची सक्ती २०२३ मध्ये उठवली गेली, कारण नाव पाहून लोक इंटरनेटवर माग काढत होते. पुढच्या वर्षी मोठ्या किराणा-साखळ्यांनी छातीवरच्या बिल्ल्यावर खऱ्या नावाऐवजी आद्याक्षरं लावायला परवानगी दिली. सॉफ्टबँक या दूरसंचार कंपनीने चिडलेल्या ग्राहकाचा आवाज कर्मचाऱ्याच्या कानात पोहोचेपर्यंत शांत करणारं तंत्रज्ञान तयार केल्याचं जाहीर केलं. ते वाचून मला फार वाईट वाटलं. ओरडणाऱ्याला थांबवायचं सोडून ऐकणाऱ्याच्या कानाला गाळणी लावायची, हे कुठलं आतिथ्य?

म्हणूनच ऑक्टोबर २०२४ मध्ये टोकियोच्या महानगर विधानसभेने कासूहाराविरुद्ध अध्यादेश मंजूर केला, याचं मी मनापासून स्वागत करते. १ एप्रिल २०२५ पासून तो लागू झाला. जपानमधला हा असा पहिला नियम. त्यात शिक्षा नाही, पण कुणीही, कुठेही असा छळ करू नये हे त्यात स्पष्ट लिहिलं आहे. जून २०२५ मध्ये देशाच्या संसदेनेही कायद्यात बदल करून अशा त्रासापासून कर्मचाऱ्यांना वाचवण्याची जबाबदारी मालकांवर टाकली.

यावर घेतला जाणारा एक आक्षेप मला गंभीर वाटतो. छळ कुठला आणि रास्त तक्रार कुठली, हे कोण ठरवणार? १९५५ मध्ये मोरिनागा कंपनीच्या दूध पावडरीत आर्सेनिक गेलं, शंभराहून अधिक बाळं दगावली आणि पालकांना न्यायासाठी वर्षानुवर्षं झगडावं लागलं. मिनामाता इथे कारखान्याने सोडलेल्या पाऱ्याने विषबाधा झालेल्या पीडितांनी कंपनीच्या दारात ठाण मांडलं नसतं तर त्यांचं ऐकलं कुणी असतं? ‘ग्राहकाचा छळ’ या नावाखाली उद्या एखादी कंपनी अशा माणसांना दार दाखवू शकते. टोकियोच्या अध्यादेशात ग्राहकांच्या हक्कांवर अन्याय्य गदा येऊ नये असं म्हटलं आहे, ते बरं झालं. पण ते कागदावर राहू नये यासाठी लक्ष ठेवावं लागेल. चादरीला भोक आहे म्हणून पैसे परत मागणं हा हक्क आहे. कपाळ लादीला लावायला लावणं हा कधीच हक्क नव्हता.

यजमानाची काळजी घेतली तर आतिथ्य घटत नाही, हे जपानमधल्याच काही जुन्या घरांनी दाखवलं आहे. नोतो द्वीपकल्पावरचं वाकुरा इथलं कागाया हे ऱ्योकान, म्हणजे पारंपरिक अतिथिगृह, पर्यटन व्यावसायिकांच्या क्रमवारीत सलग ३६ वर्षं पहिलं होतं. १ जानेवारी २०२४ च्या भूकंपात त्याचं मोठं नुकसान झालं आणि ते बंद झालं. तिथल्या पाहुणचाराची खूप वर्णनं छापली गेली. मला त्यातल्या दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. स्वयंपाकघरापासून मजल्यांपर्यंत जेवणाचे थाळे वाहून नेणारी यंत्रणा त्यांनी बसवली होती, म्हणजे नाकाई, अर्थात खोलीत सेवा करणाऱ्या बायकांची ताकद ओझी वाहण्यात जाऊ नये आणि पाहुण्यांशी बोलायला त्यांना उसंत मिळावी. आणि लहान मुलं असलेल्या कर्मचारी आयांसाठी राहण्याची सोय आणि पाळणाघर होतं. त्यातल्या कित्येकजणी एकट्याने मुलं वाढवणाऱ्या होत्या. पाहुण्याला जाणवणारी ऊब या पाळणाघरातून येत होती, असं मी म्हटलं तर ते अतिशयोक्त होणार नाही.

दुसरं उदाहरण कानागावा प्रांतातल्या त्सुरुमाकीच्या जिन्या या ऱ्योकानचं. कर्जात बुडालेलं घर नव्या पिढीतल्या जोडप्याने २००९ मध्ये हाती घेतलं आणि २०१४ पासून चक्क आठवड्यातले मंगळवार-बुधवार बंद ठेवायला सुरुवात केली. वर्षाचे ३६५ दिवस दार उघडं ठेवणं हा या धंद्याचा धर्म मानला जायचा. सुट्टी मिळाली, पगार वाढले, सोडून जाणारे कर्मचारी कमी झाले आणि घर कर्जातून वर आलं. गेल्या चाळीस वर्षांत जपानमधल्या ऱ्योकानांची संख्या निम्म्याहून खाली आली. वारस नाही आणि इतक्या कमी पैशांत इतकं राबायला माणसंही नाहीत. अशा वेळी ‘सदैव तत्पर’ राहण्याचा आग्रह धरणं म्हणजे उरलेली घरंही बंद पाडणं.

आतिथ्यात पैसा अजिबात नसेल तर ते कसं दिसतं, हे पाहायला शिकोकू बेटावर जावं. बौद्ध आचार्य कोबो दाइशी कूकाई (७७४–८३५) यांच्याशी जोडलेल्या ८८ देवळांची तिथे साधारण १२०० किलोमीटरची पदयात्रा आहे. पांढरे कपडे घातलेल्या यात्रेकरूला वाटेत कुणीही थांबवून संत्री, भाताचे गोळे, चहा, कधी थोडे पैसे, कधी रात्रीपुरतं अंथरूण देतं. याला ओसेत्ताई म्हणतात. ते नाकारणं असभ्यपणाचं, कारण देणाऱ्याला चालता येत नाही, तर तो यात्रेकरूच्या पायांनी यात्रा करतो. घेणारा बदल्यात आपलं नाव लिहिलेली चिठ्ठी देतो, देणाऱ्याच्या वतीने पुढच्या देवळात हात जोडतो. आषाढी वारीच्या वाटेवर वारकऱ्यांचे पाय चेपणाऱ्या, फाटक्या चपला शिवून देणाऱ्या, भाकऱ्यांच्या चवडी घेऊन उभ्या असलेल्या माणसांना पाहिलेल्या मराठी वाचकाला हे समजावून सांगायची गरज नाही. वारकरी तिथे ग्राहक नसतो. तोही माऊली आणि भाकरी देणारीही माऊलीच. कूकाईंची समाधी ज्या वाकायामा प्रांतातल्या कोयासानवर आहे, त्या प्रांताचा महाराष्ट्राशी २०१३ पासून सहकार्य करार आहे. पर्यटकांची ने-आण वाढवण्याच्या पलीकडे या दोन वाटांचं हे नातं त्यात कधीतरी यावं, अशी माझी इच्छा आहे.

कारण पर्यटक वाढवणं ही आता अडचण झाली आहे. २०१३ मध्ये जपानला येणाऱ्या परदेशी पाहुण्यांनी पहिल्यांदा एक कोटीचा आकडा ओलांडला. २०२४ मध्ये ते ३ कोटी ६८ लाखांवर गेले. क्योटोच्या गिओन भागात रस्त्याने कामाला निघालेल्या माइकोंच्या, म्हणजे शिकाऊ गेइशांच्या, वाटा अडवून, बाह्या ओढून फोटो काढले जाऊ लागले, तेव्हा तिथल्या रहिवाशांनी २०२४ मध्ये खाजगी गल्ल्या पर्यटकांना बंद केल्या. फुजी पर्वताखालच्या एका गावाने दुकानामागे दिसणाऱ्या पर्वताच्या फोटोसाठी रस्ता अडवणाऱ्या गर्दीपुढे काळी जाळी उभारली. त्या जाळीला लोकांनी फोटोसाठी भोकं पाडली. चेरीच्या मोसमात मुंबई-पुण्याहून सहलींच्या सहली जातात, त्यातल्या प्रत्येकाने हे जाणून जायला हवं. सहल कंपन्यांनी विमानात बसण्याआधीच्या बैठकीत शाकाहारी जेवणाची चौकशी होते तेवढा वेळ तरी त्या गावांच्या रीतींना द्यावा. माइको रस्त्यात दिसली तर तिला वाट द्या. ऱ्योकानमध्ये रात्रीच्या जेवणाला उशीर करू नका, कारण तुमच्या एका तासासाठी स्वयंपाकघरातली दहा माणसं थांबलेली असतात. एवढं केलं तरी आपण निजिरिगुचीतून, त्या बुटक्या दारातून, आत गेलो असं होईल.

मात्र इथे जपानलाही एक गोष्ट ठणकावून सांगायला हवी. पाहुणा राहायला आला की काय होतं? न्याय मंत्रालयाने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, मागच्या पाच वर्षांत घर शोधलेल्या परदेशी रहिवाशांपैकी ३९.३ टक्क्यांनी आपल्याला परदेशी म्हणून घर नाकारलं गेल्याचं सांगितलं. टोकियोतल्या निशी-कासाईत भारतीयांची, त्यात मराठी कुटुंबांचीही, मोठी वस्ती झाली. तिथे घर मिळू शकत होतं, हेही त्यामागचं एक महत्त्वाचं कारण. आणि आता तर पाहुणा कोण आणि यजमान कोण हेच बदललं आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये जपानमध्ये २३ लाख परदेशी कामगार होते. २०१९ पासूनच्या नव्या व्हिसात हॉटेल आणि उपाहारगृहांचं काम समाविष्ट आहे. टोकियोच्या दुकानात मध्यरात्री तुम्हाला वाकून धन्यवाद देणारा मुलगा बहुधा नेपाळचा असतो आणि गरम झऱ्याच्या गावात तुमची गादी घालणारी मुलगी व्हिएतनामची. जगभर गाजलेलं हे आतिथ्य आज त्यांच्या हातून घडतं आहे आणि कामावरून सुटल्यावर त्यांनाच घरमालक दार लावून घेतात. वंश किंवा देश पाहून घर नाकारायला सरळ मनाई करणारा सर्वंकष कायदा जपानमध्ये अजून नाही. कर्मचाऱ्यावर ओरडणाऱ्या ग्राहकासाठी टोकियोने नियम केला, तसाच नियम या घरमालकांसाठी व्हायला हवा. आणि २०३० पर्यंत वर्षाला सहा कोटी पर्यटक आणायचं जे लक्ष्य सरकारने ठेवलं आहे, त्याच्या आधी व्हायला हवा.